चांदी वीस वर्षं चालली, पांढरं चार वर्षांत का गेलं?

वारणाकाठ:

नमस्कार. प्रश्न दाढेचा आहे आणि जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

खालची उजवी सहा नंबरची दाढ. बारावीत असताना मिरजेला तिच्यात चांदी भरली होती. ती विसाहून जास्त वर्षं बिनबोभाट चालली. २०२१ च्या पावसाळ्यात फुटाणे खाताना कट्ट आवाज झाला आणि जिभेकडचा कोपरा हातात आला. चांदी जागच्या जागी, दाताचाच तुकडा पडलेला. डॉक्टरांनी सगळी चांदी काढून दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरलं. दिसायला इतकं बेमालूम की मीच आरशात शोधत बसले.

पण थोड्याच दिवसांत लक्षात आलं की सहा आणि सात नंबरच्या मध्ये मेथीची काडी, मटणाचा धागा, जे मिळेल ते जाऊन बसतं. चांदी होती तेव्हा असं कधी होत नव्हतं. फ्लॉस घातला की एकतर सुळकन खाली जातो, नाहीतर विसकटून वर येतो. आता गार पाण्याने कळ जायला लागली आहे. क्षणभरच, पाणी गिळलं की थांबते. रात्री ठणका वगैरे नाही.

एक्स-रे काढला. फिलिंगच्या खाली, हिरडीजवळ, सात नंबरच्या बाजूला काळी सावली दिसते. तीन डॉक्टर, तीन मतं. एक म्हणाले, रूट कॅनाल करून कॅप. दुसरे म्हणाले, फिलिंग उघडून आत बघू, मग दाढेचा माथा झाकणारं ऑनले बसवू. तिसरे म्हणाले, घासून गुळगुळीत करतो, सहा महिने थांबा. सासूबाईंचं चौथं मत, 'आमच्या वेळची चांदी भर म्हणावं त्याला.' चांदी आता ठेवतच नाही, असं दोन ठिकाणी सांगितलं.

मी हायस्कूलला गणित शिकवते, त्यामुळे 'बरंच टिकतं' या उत्तराने माझं समाधान होत नाही. मागच्या दाढेत हे पांढरं प्रकरण किती वर्षं टिकतं, आकडा सांगा. आणि माझं चार वर्षांत का गेलं?


खडूस_पेठकर:

माझं वरच्या सात नंबरमध्ये २००९ साली भरलेलं आहे. अजून जसंच्या तसं. कडा थोड्या पिवळट झाल्यात, एवढंच. मात्र माझं भोक वरच्या खाचेत होतं, मोहरीएवढं. दोन दाढांच्या मधलं नव्हतं. तेव्हा माझ्या अनुभवाचा तुम्हाला उपयोग शून्य, पण 'सगळंच पांढरं कुचकामी' असं कुणी म्हणायच्या आत नोंदवून ठेवतो.


भरलं_वांगं:

ताई, सरळ हिशेब आहे. चांदी स्वस्त, एकदा भरली की पेशंट वीस वर्षं फिरकत नाही. पांढरं महाग आणि दर चार वर्षांनी परत. धंद्याला काय परवडतं ते तुम्हीच ठरवा.


दंतोपंत:

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. नव्वदच्या दशकात सुरुवात केली तेव्हा भरत होतो ती सगळी चांदीच, आता सगळं कॉम्पोझिट. म्हणजे दोन्ही पक्षांचं मीठ खाल्लेलं आहे. एक्स-रे न बघता निदान करणार नाही, पण प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बाईंना हवा असलेला आकडा. मागच्या दाढांतल्या कॉम्पोझिटवर पाच वर्षांहून जास्त लक्ष ठेवलेल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांच्या मुदतीत दर वर्षाला सरासरी २.४ टक्के फिलिंग निकामी होतात, असं त्यात निघालं. म्हणजे ०.९७६ चा दहावा घात काढा. शंभरातली ७८ दहा वर्षांनी शाबूत. वाईट नाही. पण त्याच हिशेबात पुढे असं आहे की ज्यांच्या तोंडात कीड कमी त्यांचा दर १.६, आणि ज्यांना सारखी कीड लागते त्यांचा ४.६. पुन्हा घात काढा, पहिल्या गटात ८५ उरतात, दुसऱ्यात ६२. वस्तू तीच, तोंड वेगळं. शिवाय फिलिंगला दाढेची जितकी अंगं जास्त, तितका धोका चढत जातो. पेठकरांचं एकाच अंगाचं, वरच्या खाचेतलं. तुमचं वरचं, सातकडच्या बाजूचं आणि पडलेला जिभेकडचा कोपरा, म्हणजे निदान तीन अंगांचं.

आता चांदी वीस आणि पांढरं चार, या तुलनेबद्दल. ती मला मान्यच नाही. चांदीला मिळाली होती अठरा वर्षांच्या मुलीची धडधाकट दाढ, जाड भिंतींची. पांढऱ्याच्या वाट्याला आला पडका वाडा. आणि वाडा पाडला कुणी? चांदी दाताला चिकटत नाही, ती खाचेत अडकून बसते. मोठी चांदी असली की उरलेल्या भिंती सुट्या राहतात, चावताना बाहेरच्या बाजूला वाकतात, आणि वर्षानुवर्षं वाकून एक दिवस फुटाण्याचं निमित्त होतं. तुम्हीच लिहिलंय, चांदी जागेवर आणि दाताचा तुकडा पडला. ही चांदीच्या दाढेची अगदी ठरलेली गोष्ट आहे. आधीची वीस वर्षं तिच्या यशाच्या खात्यात जमा होतात आणि नंतरचं सगळं पांढऱ्याच्या नावावर पडतं.

हे झालं पांढऱ्याच्या बाजूने. आता विरुद्ध.

दोन दाढांच्या मधलं फिलिंग करताना खड्डा खाली हिरडीपर्यंत जातो. त्या तळाशी इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, अगदी पातळ असतं, कधी नसतंच. कॉम्पोझिट इनॅमलला घट्ट धरतं. कवचाच्या आतल्या थराला, डेंटिनला, धरतं पण ती पकड वर्षांनुसार सैल पडते, कारण डेंटिन मुळातच ओलसर. त्यात शेजारी हिरडी. खड्डा उकरताना तिला जरा धक्का लागला की रक्ताचा बारीक थेंब येतो. तुम्ही कापसाने टिपता, वारा मारता, कोरडं दिसतं. बॉन्डिंग, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणारं द्रव, लावायला ब्रश उचलता तेवढ्यात कडेने पुन्हा लालसर ओल सरकते. ती पुन्हा टिपायची, पुन्हा पहिल्यापासून अॅसिड लावून, धुऊन, वाळवून सुरुवात करायची, का 'चालतंय' म्हणून पुढे जायचं, हे त्या दोन मिनिटांत ठरतं. बाहेर पाच माणसं बसलेली असतात. पेशंटला यातलं काही दिसत नाही, आणि फिलिंग त्या दिवशी सुंदरच दिसतं. चांदी अशा ओलीत निभावून न्यायची. उलट तिच्या गंजाने कडेची फट कालांतराने भरून यायची. कॉम्पोझिट निभावून नेत नाही.

दुसरं, ते कडक होताना आकसतं. साधारण २ ते ३ टक्के. म्हणून एकदम न भरता दोन-दोन मिलिमीटरचे थर देऊन प्रत्येकाला निळा प्रकाश द्यायचा. जाड थरात भरता येणारं नवीन बल्क प्रकारचं असेल तर चार मिलिमीटरपर्यंत चालतं. पण खोल खड्ड्याचा तळ दिव्याच्या टोकापासून सहा-आठ मिलिमीटर लांब असतो, तिथे पोचेपर्यंत प्रकाश मंदावतो. दिव्याच्या काचेवर जुनं सिमेंट चिकटलेलं असेल किंवा बॅटरी उतरलेली असेल तर वरचं दगडासारखं आणि तळाचं अर्धकच्चं. वरून टोकरून कळतच नाही.

तिसरं तुमच्या मेथीच्या काडीचं. भरताना दाढेभोवती स्टीलची पातळ पट्टी लावतात. चांदी दाबून ठोकून भरायची असते, त्या दाबाने पट्टी शेजारच्या दाढेला जाऊन भिडते आणि दोन दाढांचा स्पर्श घट्ट होतो. कॉम्पोझिट मऊ, ते पट्टीला ढकलत नाही. म्हणून त्याला वेगळी, दाढेच्या फुगवट्यासारखी वाकवलेली अर्धी पट्टी, लाकडी पाचर आणि दोन दाढा किंचित दूर सारणारी स्प्रिंगची रिंग लागते. चांदीच्या काळातली सरळ गोल पट्टी तशीच वापरली की स्पर्श ढिला राहतो. सुळकन जाणारा फ्लॉस म्हणजे ढिला स्पर्श. फाटणारा फ्लॉस म्हणजे खाली कड बाहेर आलेली किंवा उघडलेली. दोन्ही एकाच जागी आहेत, आणि तिथेच सावली.

सावलीबद्दल मात्र एक. फिलिंगखालचा प्रत्येक काळा पट्टा कीड नसते. बॉन्डिंगचं द्रव कोपऱ्यात साठून राहिलं असेल तर तेही एक्स-रेत काळं दिसतं. भरल्या भरल्या काढलेला जुना एक्स-रे मिळाला तर शेजारी ठेवून बघा. तेव्हाही तेवढीच सावली असेल तर ती बहुधा बॉन्डिंगची. वाढली असेल तर कीड. तुमच्या बाबतीत फ्लॉस आणि गार पाणी दोन्ही साक्षीला आहेत, म्हणून माझा कल उघडून बघण्याकडे.

दोन गोष्टी विचारतो. रात्री दात खाता का? आणि दिवसभरात तोंडात गोड किती वेळा जातं? किती प्रमाणात ते नको, किती वेळा ते सांगा.


वारणाकाठ:

दंतोपंत, इतकं कुणी समोर बसवूनही सांगितलं नव्हतं. आभार.

दात खाते असं ह्यांचं म्हणणं. मला झोपेत कळणार कसं? सकाळी कानाजवळ जबडा आवळल्यासारखा वाटतो हे खरं.

गोड म्हणाल तर मिठाई फार नाही. चहा शाळेत तीन आणि घरी दोन, साखरेचा. आणि सलग तास असले की घसा बसतो, म्हणून खडीसाखर. पर्समध्ये डबीच असते. एक खडा गालात धरला की पुढचा अर्धा तास निघतो. उजव्या गालात. हे लिहिताना माझं मलाच कळतंय तुम्ही काय म्हणणार ते.

चांदी जुन्या काळी इतकी वापरली, मग आता कुणी ठेवत का नाही? आणि भरलं_वांगं यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे का?


श्टुटगार्टची_सून:

चांदीबद्दल इकडचं, जर्मनीचं सांगते. तिच्यात जवळपास निम्मा पारा असतो. युरोपीय संघात २०१८ पासून १५ वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना ती भरणं थांबवलं होतं, आणि १ जानेवारी २०२५ पासून अगदी अपवाद सोडला तर सगळ्यांनाच बंद आहे. कारण मुख्यतः पर्यावरणाचं, पारा सांडपाण्यात आणि हवेत जातो म्हणून. ज्यांच्या तोंडात आधीची आहे त्यांनी काढायची गरज नाही, असं इथले डॉक्टर सांगतात. उगाच उकरली तर उलट त्या वेळी पाऱ्याची वाफ जास्त.

बंदीनंतर इथे सरकारी विम्यात मागच्या दाढेला साधं, स्वतःहून चिकटणारं पांढरं सिमेंट बसतं. थर देऊन केलेलं चांगलं कॉम्पोझिट हवं असेल तर वरचे पैसे आपले. म्हणजे 'कोणतं पांढरं' हा प्रश्न इथेही आहेच.


दंतोपंत:

सूनबाईंनी माझं काम हलकं केलं. पाऱ्यावरच्या मिनामाता करारात भारतही आहे, २०१८ मध्ये आपण तो मान्य केला. मी चांदी बंद केली ती त्याच्याही आधी, लोकच मागेनासे झाले म्हणून. काळी दाढ कुणाला नको होती.

भरलं_वांगं, तुमचं अर्धं खरं आहे. चांदी आणि कॉम्पोझिट यांची समोरासमोर तुलना करणाऱ्या ज्या दोन मोठ्या चाचण्या आहेत, अमेरिकेतली आणि लिस्बनची, दोन्ही शाळकरी मुलांवरच्या, त्यांच्या आधारे कॉकरेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या परीक्षणात कॉम्पोझिट निकामी होण्याचा धोका चांदीच्या जवळजवळ दुप्पट निघतो. मुख्य कारण, फिलिंगच्या कडेला पुन्हा लागलेली कीड. हे लपवण्यासारखं नाही. पण हॉलंडमधल्या एका दवाखान्याचा बारा वर्षांचा हिशेब २०१० मध्ये आला, तो मोठ्या माणसांचा. तिथे ज्यांना कीड कमी लागते त्यांच्यात मोठी फिलिंग कॉम्पोझिटची जास्त टिकली, कारण चांदीवाल्यांच्या भिंती तुटल्या. ज्यांना कीड जास्त त्यांच्या मोठ्या फिलिंगमध्ये चांदी पुढे राहिली. म्हणजे पुन्हा तोंडावरच आलं. आणि धंद्याचं म्हणाल तर चार वर्षांत गेलेलं फिलिंग पेशंट सहसा दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन जातो, पहिल्याकडे नाही. त्यात पहिल्याचा काय फायदा, ते मला अजून कुणी समजावलेलं नाही.

आता बाई, तुमची खडीसाखर. मिठाई एकदा खाल्ली तर तोंडात अर्धा-पाऊण तास आम्ल राहतं, मग लाळ ते धुऊन काढते. खडा अर्धा तास गालात धरला की लाळेला उसंतच मिळत नाही. आणि तो धरता त्याच बाजूला, जिथे कड उघडी आहे. नवं फिलिंग सोन्याचं केलंत तरी या डबीपुढे टिकणार नाही. ज्येष्ठमधाची साधी कांडी धरा, किंवा साखर नसलेली गोळी. चहा बंद करा म्हणणार नाही, शिक्षकाला तसं सांगून उपयोग नसतो. निदान घोट घोट तासभर पिऊ नका.

पुढे काय करायचं. गार लागून लगेच थांबते, रात्री ठणकत नाही, म्हणजे नस बहुधा जिवंत आणि ठीक आहे. डॉक्टरांनी थंडाची तपासणी केली आणि तसंच दिसलं तर आधीच रूट कॅनाल करायचं कारण मला दिसत नाही. फिलिंग काढून, कीड साफ करून, नसेच्या किती जवळ जाते ते बघून ठरवावं. वेळ आलीच तर करावं लागेल, ती तयारी ठेवा. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचा मार्ग मला पटतो. एक कोपरा आधीच पडलेला आहे, दात खाता, तेव्हा उरलेले कोपरे झाकणारं ऑनले बरं. भिंती अगदीच पातळ निघाल्या तर कॅप, आणि कॅपसाठी प्रत्येक वेळी रूट कॅनाल लागतंच असं नाही. उलट भिंती जाड निघाल्या आणि बिघाड फक्त त्या एका कडेपुरता असेल तर सगळं न उकरता तेवढंच काढून दुरुस्त करता येतं. दर वेळी पूर्ण बदललं की दात दर वेळी थोडा कमी होतो.

तिसऱ्या डॉक्टरांचं घासून थांबणं कडेच्या डागासाठी चाललं असतं. अन्न अडकतंय तिथे नाही.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका, रबर डॅम लावणार का? दाढेभोवती रबराचा पातळ पडदा असतो तो, लाळ आणि श्वासाची वाफ बाहेर ठेवतो. काही जण कापूस आणि सक्शनवर नीट कोरडं ठेवतात, पण 'कोरडं कसं ठेवणार' या प्रश्नाला उत्तर आलं पाहिजे. काम झाल्यावर खुर्चीतून उठायच्या आधी फ्लॉस घालून बघायला सांगा. टक् असा आवाज करून आत जायला हवा आणि अखंड बाहेर यायला हवा. नाही गेला तर तेव्हाच दुरुस्त होतं, घरी गेल्यावर नाही. चावताना उंच लागत असेल तर तेही त्याच वेळी सांगा, कार्बन कागद चावून घासून देतात. कॉम्पोझिट प्रकाशाने तिथेच कडक होतं, चांदीसारखा एक दिवस थांबायचा प्रश्न नाही, फक्त भूल उतरेपर्यंत जेवू नका, नाहीतर गाल चावाल. आणि रात्री दातांवर चढवायचं कव्हर, नाईट गार्ड, करून घ्या. तो मापाचा हवा, ऑनलाइन मिळणारा रबरी तुकडा नको.


वारणाकाठ:

जुना एक्स-रे सापडला! फिलिंग झाल्यानंतर लगेचच काढलेला, फाईलमध्येच होता. त्यात सावली आहे, पण केसासारखी बारीक. आताची चांगली जाड आहे. म्हणजे वाढली. दुसऱ्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. रबर डॅमचं फोनवर विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी आत जाऊन विचारून आली आणि 'हो, लावतात' म्हणाली. डबी स्टाफरूममध्ये रिकामी केली, सहकाऱ्यांनी दोन मिनिटांत संपवली. त्यांच्या दाढांची जबाबदारी माझी नाही.

सासूबाईंना पाऱ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्या तोंडात चार आहेत, चाळीस वर्षं, मला काय झालं?


दंतोपंत:

काही झालेलं नाही आणि त्यांच्या त्या चारही तशाच राहू द्या. कुणी 'काढून पांढऱ्या करू' म्हणालं तर नको म्हणा. कडा शाबूत असताना नुसत्या काळ्या दिसतात म्हणून उकरायच्या नाहीत.


कृष्णाकाठचा_पक्या:

डॉक्टर, माझ्या मुलाच्या दाढेतपण पांढरं भरलेलं दोनदा पडलं. त्याला काय करावं?


दंतोपंत:

मुलाचं वय लिहा आणि दाढ दुधाची का कायमची ते लिहा. दुधाची असेल तर गणित पूर्ण वेगळं, तिथे स्टीलची तयार टोपी कित्येकदा फिलिंगपेक्षा बरी पडते. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे बाईंच्या गुरुवारची बातमी यायची आहे.